सोळा सोमवार आणि एक मेनफ्रेम

ह्यांची बदली घराजवळ होऊ दे, सोळा सोमवार करीन, असा नवस मी एकदा महादेवाला बोलले होते. हे तेव्हा पुण्यात होते. शनिवारी यायचे, सोमवारी उजाडायच्या आत जायचे. देवानं माझं ऐकलं, जरा जास्तच ऐकलं. बदली घराजवळ झालीच नाही, थेट घरात झाली! आणि एकट्यांची नाही, आणखी दोघांसकट. कंपनीनं पुण्यातला एक मजला सोडून दिला आणि सगळ्यांना घरून काम करा म्हणून सांगितलं. ह्यांच्या टीममधल्या दोघांच्या गावी नेट टिकेना, म्हणून तेही आमच्याकडं येऊन बसायला लागले. बारामतीत इंदापूर रोडला आमचं घर आहे. त्याच्या पुढच्या खोलीत टेबलं आली, वायरी आल्या, आणि माझा दिवाण गच्चीच्या जिन्याखाली गेला.

नवस बोलताना देवाला पत्ता नीट सांगावा, एवढं मी त्यातून शिकले.

एका घरात तीन इंजिनिअर, एक सासरे आणि दिवसभर चहा असला की किस्से साठायचेच. समईखाली काजळी साठते तसे. रोज दिसत नाहीत, पण एक दिवस पुसायला घ्यावं तर दोन्ही हात भरतात. म्हणून आज थोडे पुसून काढते.

आधी माणसं सांगते. हे, म्हणजे महेश. गायकवाड भाऊजी वडगाव निंबाळकरचे, टीममध्ये सगळ्यांत जुने. शीतल सोमेश्वरनगरची; वडील साखर कारखान्यात, ही कॉम्प्युटरवर. तिच्या वयाची मुलं मोबाईलची ॲप बनवतात. ही मात्र स्वतःच्या जन्माआधीपासून चालू असलेल्या मशीनवर काम करते आणि त्याला "आमचं म्हातारं" म्हणते. आणि चौथे माझे सासरे, आबा. आबा टीममध्ये नाहीत, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

काम असं, की सातासमुद्रापलीकडच्या एका विमा कंपनीची सगळी माहिती एका अवाढव्य मशीनवर आहे. त्याला मेनफ्रेम म्हणतात. लाखो माणसांची नावं, जन्मतारखा, पॉलिसी, सगळं तिथल्या जुन्या डेटाबेसमध्ये. ते तिथून उचलून नव्या डेटाबेसमध्ये न्यायचं, एकही माणूस न सांडता. पुण्याच्या कुलकर्णी साहेबांनी सुरुवातीलाच अट घातली होती. शेवटची रंगीत तालीम, म्हणजे खरोखर न्यायच्या आधीची पूर्ण चाचणी, बिनचूक झाली, तर पुढचं कामही ह्याच खोलीतून चालेल. चूक निघाली, तर तिघांनी बॅगा भरायच्या आणि पुण्याला यायचं.

म्हणजे माझा नवस फेडून व्हायच्या आतच देव दिलेलं परत घेणार, अशी सोय.

*

पहिल्या दिवशी आबा खुर्ची ओढून ह्यांच्या मागं बसले. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, चित्र एकही नाही. बराच वेळ बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, मशीन कुठं हाय. हे म्हणाले, अमेरिकेत.

मला वाटलं, आता आबा थक्क होणार. शीतलला तर इतकी खात्री, की समुद्राखालून केबल कशी जाते ते दाखवायला तिनं कागदावर समुद्र काढायला घेतला होता.

"आन तुमी हितनं चालवता?"

"हो."

"मग त्यात काय! वरकुट्याची मोटर बी मी हितनंच चालू करतो की."

आमची शेती इंदापूर तालुक्यात, वरकुट्याला. विहिरीवरच्या मोटरीला मोबाईलचा स्टार्टर बसवलाय. आबांनी खिशातून फोन काढला, मोटरीला कॉल केला, एक बटण दाबलं. तिकडं पेरूच्या बागेत पाणी सुरू झालं. इकडं ह्यांनी मशीनला दिलेलं काम अमेरिकेत रांगेतच उभं होतं.

आबांनी फोन खिशात ठेवला आणि विचारलं, "तुमचं अजून न्हाय झालं?"

*

मेनफ्रेमवर एखादा जॉब, म्हणजे दिलेलं काम, संपलं की ते मशीन एक आकडा देतं. शून्य आलं तर सगळं सुरळीत. चार आलं तर काम झालं, पण काहीतरी खटकलंय. आठ किंवा बारा आलं तर चहा पुन्हा टाकायचा, एवढं मला कळतं.

पहिली मोठी फाइल नेताना कित्येक दिवस नुसते बारा येत होते. एके दुपारी शून्य आलं. गायकवाड भाऊजी तसेच अनवाणी गेले आणि पेढे घेऊन आले. मी वाटी भरून शेजारच्या जगताप काकूंकडं दिली. काकू निवृत्त शिक्षिका. कशाचे गं, म्हणाल्या. मी आनंदानं सांगितलं, ह्यांना शून्य मिळालं.

काकूंनी पेढा तोंडाजवळ नेला होता, तो तिथंच थांबला. मग माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "तू पेढे वाटतेस, हे फार चांगलं करतेस. माणसाचा धीर सुटता कामा नये."

संध्याकाळी काकूंनी त्यांच्या मुलाचं दहावीचं गणिताचं गाइड पाठवून दिलं. गायकवाड भाऊजींनी ते अजून स्क्रीनशेजारी उभं करून ठेवलंय. जॉब पडला, म्हणजे बारा आलं, की उघडतात.

*

माझ्या स्वयंपाकघरातले डबे सगळे एकसारखे. स्टीलचे, एका मापाचे, कशावरही नाव नाही. डावीकडून पहिला रवा, दुसरा मीठ, तिसरा साखर, चौथा साबुदाणा, असं ठरलेलं. गायकवाड भाऊजींनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना भरून आलं. म्हणाले, "वहिनी, ही तर आमची फाइल आहे."

त्यांनी समजावलं ते असं, की मेनफ्रेमवरच्या जुन्या फाइलींमध्ये कुठलाच मजकूर कशाचा आहे ते लिहिलेलं नसतं. नुसती अक्षरांची लांबच लांब ओळ. पहिल्या अमुक जागा नावाच्या, पुढच्या तमुक जागा जन्मतारखेच्या, हे ज्याला ठाऊक त्यालाच ती वाचता येते. मधे एक जागा जरी जास्तीची घुसली, तरी तिथून पुढचं सगळं सरकतं.

मी म्हटलं, अगदी माझ्या डब्यांसारखंच.

पुढच्या सोमवारी मला उपवास म्हणून भाऊजी स्वतः चहा करायला उठले. आदल्या दिवशी वरकुट्याहून आमच्या जाऊबाई आल्या होत्या आणि येताना मला कौतुकानं नाचणीच्या पिठाचा डबा आणला होता. स्टीलचाच. त्यांनी तो अगदी डावीकडं, पहिला ठेवला होता.

भाऊजींनी मोजून तिसरा डबा काढला, प्रत्येक कपात दोन-दोन चमचे घातले, ढवळलं आणि कप सगळ्यांना नेऊन दिले. एक घोट घेतला आणि कप खाली ठेवून ते शांतपणे म्हणाले, "एकानं सरकलंय."

आबांनी मात्र पूर्ण कप प्यायला. म्हणाले, डॉक्टरनं साखर बंदच सांगितलीय.

*

ह्याच जाऊबाईंचा आणखी एक.

मेनफ्रेमची अक्षरं साठवायची तऱ्हा वेगळी आणि बाकी सगळ्या कॉम्प्युटरांची वेगळी. फाइल इकडं आणताना ती बदलून घ्यावी लागते. न बदलता उघडली, तर पडद्यावर नुसते वेडेवाकडे किडे उमटतात. शीतलनं एकदा तशीच उघडली आणि ती पाणी प्यायला उठली. तेवढ्यात जाऊबाई खोलीत डोकावल्या. त्या खुणा पाहून त्यांच्या अंगावर काटा आला. आवाज न करता त्यांनी मोबाईलवर फोटो काढला आणि गावाकडच्या एका बुवांना नेऊन दाखवला.

माझा देवावर पूर्ण विश्वास आहे. बुवांवर नाही. माझ्या आणि देवाच्या मधे एजंट कशाला? पण जाऊबाईंना कोण सांगणार. बुवांनी फोटो कपाळाला लावला आणि सांगितलं, लिपी जुनी आहे, घरात कुणीतरी थोर जीव अडकलाय, पण काळजी नको, दोन दिवसांत मी सगळं वाचून देतो.

जाऊबाईंनी घाबरत घाबरत हे फोनवर मला कळवलं आणि मी चहाबरोबर ते पुढच्या खोलीत सांगितलं. कुणी हसेल असं वाटलं होतं. गायकवाड भाऊजी ताडकन उठून बसले.

"दोन दिवसांत? आमचे दोन महिने गेले त्या फाइलीत. नंबर द्या त्यांचा!"

शीतलनं खरंच निरोप पाठवला, आमच्याकडं अशा आणखी बऱ्याच फाइली आहेत, येता का. बुवांचं उत्तर आलं, अमावास्येपर्यंत वेळ नाही.

*

आबांना ह्या सगळ्यात एकच गोष्ट मनापासून पटली, ती म्हणजे जुन्या डेटाबेसची रचना.

ती घराण्यासारखी असते. सगळ्यांत वर एक रेकॉर्ड, म्हणजे एका माणसाची माहिती. त्याच्या खाली त्याची पोरं, पोरांच्या खाली त्यांची पोरं. खालच्याकडं जायचं तर वरच्याच्या दारातूनच. मला ते लगेच कळलं. वरकुट्यात सुनंदा कुठं राहते म्हणून विचारलं तर अख्ख्या गावात कुणी सांगणार नाही. आधी आबांचं नाव घ्यायचं, मग त्यांचा धाकटा, मग त्या धाकट्याची बायको. तेव्हा मी सापडते.

नव्या डेटाबेसमध्ये सगळे एका पातळीवर. एखादी खूण जुळली की कुणालाही कुणाशी जोडता येतं. आबांनी हे ऐकून तोंड वाकडं केलं. म्हणाले, तसलं पुण्यात चालतं.

पण जुन्या रचनेतला एक नियम त्यांनी जपून ठेवला. वरचं रेकॉर्ड काढलं, की त्याच्या खालची सगळी आपोआप जातात.

एका रविवारी माझे थोरले दीर आले. हल्ली ते आले की बसतात, पाणी पितात, आणि जमिनीच्या वाटणीवर येतात. त्या दिवशी त्यांनी नुसता घसा खाकरला आणि आबांनी हाक मारली, "शीतल, हिकडं ये पोरी. वरचा बाप काढला की काय हुतं, ते ह्याला नीट इस्कटून सांग."

शीतल बिचारी सरळ. तिनं फळा आणला. वर एक चौकोन काढला, खाली दोन, त्यांच्या खाली चार. मग वरचा पुसला आणि एकेक करत खालचेही पुसून दाखवले. शेवटी दिरांना विचारलं, "काही शंका?"

दिरांनी चहा संपवला आणि गेले. तो विषय अजून निघालेला नाही.

*

आबांना ऐंशी पूर्ण झाली म्हणून आम्ही गच्चीवर जेवण ठेवलं. पत्रावळी मांडायचं काम गायकवाड भाऊजींनी मागून घेतलं. म्हणाले, ही व्यवस्था माझ्यावर सोडा.

सोडायला नको होती. जन्मभर त्यांनी ज्या फाइली केल्या, त्यात प्रत्येकाला ठरावीक जागा. नाव लहान असलं तरी उरलेली जागा रिकामी ठेवायची, दुसऱ्याला द्यायची नाही. भाऊजींनी प्रत्येक घराला सहा पानं धरली. जगताप काकू एकट्या आल्या. त्यांच्या शेजारी पाच रिकामी पानं. पलीकडच्या घरातली दोघं आली, त्यांच्यापुढं चार रिकामी. वाढप्यांनी सवयीनं सगळ्या पानांवर भात वाढला. माणसं जिन्यापर्यंत उभी, आणि पंगतीत निम्मी पानं भात घेऊन मोकळी.

आबांनी सांगितलं, अहो बसवा की लोकांना. भाऊजी म्हणाले, मधे कुणाला बसवलं तर पुढची सगळी घरं चुकतील.

तेवढ्यात भोसल्यांच्या घरची मंडळी आली. सातजण. सहाजण बसले. सातवे होते खुद्द भोसले आजोबा, आबांचे बालमित्र, लिमटेकवरून खास रिक्षा करून आलेले. भाऊजींनी त्यांना हात जोडले.

"सहाच्या पुढचं कापलं जातं."

आजोबा माझ्याबरोबर स्वयंपाकघरात जेवले. जिलेबी त्यांना सगळ्यांच्या आधी मिळाली, तेव्हा रागावलेही नाहीत.

*

माझ्या सोमवारांवर सुरुवातीला ह्या मंडळींचा अजिबात विश्वास नव्हता. संध्याकाळी पूजा झाली की मी चूरमा द्यायचे, तो मात्र तिघं विश्वासानं खायची. मग शीतलच्या लक्षात आलं, की सोमवारी जॉब पडत नाही. मंगळवारी पडतो, बुधवारी पडतो, सोमवारी शून्य! तिनं चार आठवडे बघितलं. मग गायकवाड भाऊजी दारात येऊन उभे राहिले आणि खूप आढेवेढे घेत म्हणाले, "वहिनी, गुरुवार पण धराल का? गुरुवारी मोठी फाइल आहे."

मी सांगितलं, उपवास हे काही जनरेटर नाही, गरज पडली की लावायला.

भाऊजी निमूट गेले. पण शेवटच्या तालमीची तारीख ठरवायची वेळ आली तेव्हा साहेबांनी शुक्रवार म्हटलं आणि ह्या तिघांनी एका सुरात सोमवार मागितला. साहेबांनी कारण विचारलं. हे म्हणाले, तांत्रिक आहे. शीतलनं तालमीचा तक्ता इंग्रजीत बनवून पुण्याला पाठवला. कुठलं काम कशावर अवलंबून, ह्याचा त्यात एक रकाना असतो. त्यात तिनं नेट लिहिलं, वीज लिहिली, आणि तिसऱ्या ओळीत लिहिलं, वहिनींचा उपवास.

साहेबांनी तक्ता न वाचताच मंजूर केला. तो तसाच अमेरिकेला गेला. तिकडून विचारणा आली, की तिसऱ्या गोष्टीला पर्यायी व्यवस्था काय आहे?

*

आता तालमीचं सांगते.

सोमवार होता, माझा सोळावा. तिकडं रात्र, इकडं ऐन दुपार. जॉब सुरू झाला. मी देवघरात बसले होते, पण कान पुढच्या खोलीत. माळ हातात फिरत होती. कितव्या मण्यावर आहे, ते महादेवालाच ठाऊक.

चार आलं.

शून्य नाही, चार. लाखो रेकॉर्ड गेली आणि एक अडलं. शीतलनं ते शोधून काढलं. तिकडच्या एका बाईंचं रेकॉर्ड. पॉलिसी नवऱ्याच्या नावावर, तो वर, ह्या खाली. नवरा गेला तेव्हा कुणीतरी वरचं रेकॉर्ड काढलं. नियमानं बाईंचंही जायला हवं होतं, पण ते एका वेगळ्याच जुन्या फाइलीत होतं, म्हणून राहून गेलं. इतकी वर्षं त्या मशीनमध्ये ह्या एकट्या. वर कुणी नाही, खाली कुणी नाही, कुठल्या दारातून त्यांच्याकडं जाताही येत नाही. नवा डेटाबेस म्हणत होता, बाईंना कुणाशी जोडू ते वरचं नाव द्या, तरच आत घेतो.

ह्यांनी साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज मला आतपर्यंत आला. "एकच आहे ना? वगळा आणि परत चालवा. का एका रेकॉर्डसाठी तिघं पुण्याला येताय?"

वगळायला एक ओळ पुरते, असं गायकवाड भाऊजी हळूच म्हणाले. शीतलनं कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले. मी देवघरातून दारात आले, तर हे माझ्याकडं बघत होते. मी नजर माळेवर नेली. मला हे घरात हवे होते, आणि त्या बाई कोण, कुठल्या, मला काय माहीत!

आबा नुकतेच वरकुट्याहून पेरूची पिशवी घेऊन आले होते. सगळे गप्प का, म्हणून त्यांनी शीतलला विचारलं. तिनं सांगितलं. आबांनी पिशवी खाली ठेवली.

"म्हंजी धनी गेला, आन आता तुमी त्या बाईला बी भायेर काढाय निघालाय व्हय?"

हे म्हणाले, आबा, तसं नाही, ती वरची जागा रिकामी चालत नाही. अशा वेळी काय करतात, असं आबांनी विचारलं. गायकवाड भाऊजींनी सांगितलं, की तालमीपुरतं तिथं काहीतरी भरता येतं, एक्स एक्स एक्स असं, आणि तिकडच्यांना कळवायचं की हे तुम्ही तपासून घ्या.

"एक्स एक्स? आरं, बाईमाणूस हाय त्ये. माझं नाव घाला." आबा खुर्ची ओढून शीतलच्या शेजारी बसले. "देवानं दोन पोरंच दिली. लेक न्हाय. एक लेक काय जड न्हाय मला. आन गाव बी घाल."

 शीतलनं एकेक अक्षर टाइप केलं. वरकुटे मावलं, तालुका मावला नाही.

ह्यांनी साहेबांना सांगितलं, वगळत नाही, तात्पुरतं नाव घातलंय आणि खाली तशी टीप लिहिलीय. साहेब म्हणाले, मग उद्या तिकडच्यांना तोंड तुम्हीच द्या. जॉब पुन्हा चालवला. शून्य आलं, पण ह्या वेळी पेढे आणायला कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर मीटिंग. तिकडच्या कंपनीतल्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, सगळं जुळलंय, फक्त एक सांगा, हे वरकुटेचे गृहस्थ कोण? साहेबांनी स्वतःचा कॅमेरा बंद केला. हे म्हणाले, "माझे वडील." आणि जे झालं ते सगळं सांगितलं. त्या बाईंनी रेकॉर्डचा नंबर लिहून घेतला. मग म्हणाल्या, मी स्वतः चौकशी करून कळवते.

ते दोन दिवस मी जप केला आणि शीतलनं नखं खाल्ली.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. रेकॉर्डमध्ये फोन नंबर होता, तो त्यांनी लावला. पहिल्याच रिंगला उचलला. बाई हयात आहेत, शहाऐंशी वर्षांच्या, एकट्या राहतात, ठणठणीत. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत तुमचं एक पत्र नाही. मला वाटलं, तुमची कंपनीच वारली."

त्यांचं रेकॉर्ड आता त्यांच्या स्वतःच्या नावावर, सगळ्यांत वर गेलंय. कुलकर्णी साहेबांनी सगळ्यांना ईमेल केली, की ही गोष्ट आमच्या बारामती सेंटरच्या लक्षात आली. बारामती सेंटर म्हणजे माझी पुढची खोली, जिथं दोरीवर आबांचं धोतर वाळत असतं. सेंटर आता बंद होणार नाही. दिवाण जिन्याखालीच राहणार.

तिकडच्या बाईंनी आणखी एक कळवलं. फोन ठेवता ठेवता त्यांनी त्या शहाऐंशीच्या आजींना गंमत म्हणून सांगितलं, की तुम्ही तीन दिवस भारतातल्या एका शेतकऱ्याच्या लेक होतात. आजींनी विचारलं, वय काय त्यांचं. ऐंशी, असं कळल्यावर म्हणाल्या, "वडील माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेत. पण चालतील."

सतराव्या सोमवारी माझ्या व्रताचं उद्यापन झालं. संकल्पाच्या वेळी गुरुजींनी घरातल्यांची नावं विचारली. आबा सांगितले, हे सांगितले, दीर-जाऊबाई सांगितल्या. मग म्हटलं, आणि आमच्या थोरल्या नणंदबाई. गुरुजी आमच्याकडं कितीतरी वर्षं येतात. पळीतलं पाणी तसंच धरून त्यांनी विचारलं, "त्यांचं गोत्र?"

मागून आबा म्हणाले, "आमचंच."

तुमच्याकडं आता पूजा असेल तेव्हा, घरच्यांची सगळी नावं घेऊन झाली, की तुम्हीही एक जास्तीचं घ्या.